बियाघरातला पोहरा

"ही बादली कुठं आहे?"

ज्या माणसावर पुढं आपला जीव जडणार, त्यानं आपल्याला विचारलेला पहिला प्रश्न असा असावा, असं कुठल्या मुलीला वाटेल? मला तर तेव्हा त्याचा रागच आला. १९८८च्या फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार होता. बाहेर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, असं काहीतरी ओलंगच्च कोसळत होतं. माझ्या टेबलासमोर एक उंच, शिडशिडीत तरुण उभा होता आणि त्याच्या केसांतलं पाणी मी नीट रचून ठेवलेल्या माहितीपत्रकांवर टपटप गळत होतं.

"कुठली बादली?" मी माहितीपत्रकं बाजूला ओढत विचारलं.

त्यानं त्यातलंच एक उचलून माझ्यापुढं धरलं. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट होतं. 'द बकेट इन द सीड हाउस.' शेजारी मीच काढलेलं छोटंसं चित्र – दोरी बांधलेला, रिकामा पोहरा.

"विहिरीवरची," मी म्हणाले. "गावाकडची गोष्ट आहे. शेतकऱ्याचं घर, बियाणं साठवायची खोली..."

"तुम्ही सिनेमा बघितलाय?"

"नाही. प्रिंट अजून यायचीय."

"मग विहीर कुठून आली?"

तो चिडलेला नव्हता. त्यानं ओठ घट्ट दाबून धरले होते, आणि डोळ्यांत हसू होतं की पाणी, ते मला कळेना.

आता विहीर कुठून आली, ते सांगायला हवं. शिकागोतल्या एका युनिव्हर्सिटीच्या सिनेमा विभागात मी ऑफिसचं काम करायचे. रोज नेपरव्हिलहून ट्रेननं यायचं, पत्रं टाइप करायची, फिल्मचे डबे आले की सही करून घ्यायचे. त्या वर्षी आमच्या प्रोफेसरांच्या डोक्यातून एक नवी मालिका निघाली. एक भाषा, एक वर्ष. भाषा आसामी, वर्ष १९८६. त्या वर्षात तिकडं जेवढे सिनेमे लागले – आणि ते दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढेच – त्यातले सहा मागवायचे आणि एक आड एक शनिवारी दुपारी दाखवायचे. नावांची यादी इंग्रजी अक्षरांत आली. प्रोफेसरांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सुलेखा, यू आर इंडियन. शुक्रवारपर्यंत यांचे अर्थ लिहून टाक."

मी जन्मात एकही आसामी माणूस बघितलेला नव्हता. तिथंच 'नाही' म्हणायला हवं होतं. पण आमच्या घरात 'नाही' म्हणायची पद्धत नाही. आम्ही 'बघू' म्हणतो. तेच मी इंग्रजीत म्हणाले, आणि त्यांनी ते 'हो' समजून घेतलं.

पहिलंच नाव होतं, 'बियाघोरोर पोहोर'. मी दोनदा वाचलं आणि हरखून गेले. अहो, हे तर मराठीच! बिया. घर. पोहरा. बंगाल्यांसारखे हेही 'अ'चा 'ओ' करत असणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं. मग काय, अशी सुटले की विचारू नका. सहा नावं वीस मिनिटांत.

"बिया म्हणजे लग्न," समोरचा तरुण सावकाश म्हणाला. "बियाघोर म्हणजे लग्नघर. पोहोर म्हणजे उजेड. लग्नघरातला उजेड."

माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

"आणि हे 'अंकल्स नेम' काय आहे?"

"कोकार नाव..." माझा आवाज खोल गेला. "काकाचं नाव."

"कोका म्हणजे आजोबा. नाव म्हणजे होडी. आजोबांची होडी." त्यानं त्याच्या वरच्या ओळीवर बोट नेलं. "आणि 'मदर विन्स'? आइर मात म्हणजे आईची हाक. ती कुणाला जिंकत नाही हो. ती नुसती हाक मारते."

"आईला तुम्ही आईच म्हणता?"

"आईला आणखी काय म्हणणार?"

तीनशे माहितीपत्रकं छापून झाली होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो मात्र आता टेबलाला धरून, मान खाली घालून हसत होता. खांदे गदगदा हलेपर्यंत हसत होता. आणि मग मध्येच थांबला.

"त्या लग्नात माझी आई आहे," तो म्हणाला.

त्याचं नाव दिगंत फुकन. जिऑलॉजीत पीएच.डी. करत होता. त्या सिनेमातलं लग्न त्याच्याच गावात चित्रित झालं होतं. लग्नाची गाणी म्हणायला गावातल्याच बायका बसवल्या होत्या. घरून पत्र आलं होतं – आई पडद्यावर डाव्या कोपऱ्यात दिसते, वीसेक सेकंद. चार वर्षं त्यानं आईला बघितलं नव्हतं. विद्यापीठातल्या फलकावर आमचं माहितीपत्रक बघून तो धावत आला होता, आणि बघतो तर त्याच्या आईच्या जागी बादली.

मला इतकं ओशाळं वाटलं की मी म्हणाले, "मी सगळी हातानं दुरुस्त करीन. तीनशेच्या तीनशे."

"एकट्या?"

"बघू," मी म्हणाले.

त्यानं खुर्ची ओढली आणि बसला.

*

आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं. मराठीत लिहिताना मला त्या 'यू'चं काय करायचं ते ठरवावं लागतंय. इंग्रजीत तुम्ही आणि तू दोन्ही एकाच पांघरुणाखाली झोपतात, त्यामुळं आपण नेमके कुठं आहोत ते कळतच नाही. ते कळण्याची एकच जागा आमच्याकडं होती, पण तिचा पत्ता मला बराच उशिरा लागला.

तर, सिनेमाच्या शनिवारी तो तासभर आधी यायचा. आम्ही समोरासमोर बसून 'बकेट' खोडायचो आणि वर शाईनं 'लग्नघरातला उजेड' इंग्रजीत लिहायचो. माझं अक्षर सुरेख; त्याचं इतकं भयानक की खोडलेली बादली बरी वाटावी. चित्रातला पोहरा मात्र तसाच राहिला. तो त्यानं मला खोडू दिला नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "बिचारा कुठं जाईल?"

पहिल्या शनिवारी दुरुस्त्या करताना त्यानं पिशवीतून थर्मास काढला आणि विचारलं, "साह खाबो ने?"

"सहा? सहा काय?"

"साह." त्यानं झाकणात ओतून दाखवलं. लालसर, बिनदुधाचा, वासानंच डोळे मिटावेत असा चहा.

"आणि खायचा?"

"आम्ही चहा खातो."

"चावून?"

"प्रेमानं," तो म्हणाला, आणि लगेच खाली बघून बादली खोडायला लागला. माझे कान का तापले, ते मला समजलं नाही. हीटर जास्त असेल, असं मी ठरवलं.

प्रेक्षक यायचे चौदा-पंधरा. बर्फाचे बूट काढून, मोजे हीटरजवळ वाळत घालून बसणारी म्हातारी जोडपी. आम्ही शेवटच्या रांगेत. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं उमटायची, पण ती फार कंजूष. पात्रं दहा वाक्यं बोलली की खाली एक. उरलेली नऊ दिगंत माझ्या कानाशी सांगायचा. नदीच्या पुराबद्दल, आसाम आंदोलनात बुडालेल्या कॉलेजच्या वर्षाबद्दल, भातशेतीत पाय रुतणाऱ्या मुलीबद्दल. कुठली गोष्ट सिनेमातली आणि कुठली त्याची स्वतःची, हे हळूहळू वेगळं करता येईनासं झालं.

"तुमच्या त्या वर्षानं एवढेच सिनेमे दिले?" मी एकदा चिडवलं.

"आम्ही थोडेच देतो. पण बघ ना, सगळे तुझ्यापर्यंत आले."

तिसऱ्या सिनेमात मला तो पत्ता लागला. पडद्यावर एक तरुण होता. घरात आलेल्या वयस्कर बाईंना तो अदबीनं विचारतो, "साह खाबो ने?" त्या गेल्यावर खिडकीत उभ्या असलेल्या मुलीकडं वळतो, आणि आवाज खाली आणून विचारतो, "साह खाबा ने?" खाली अक्षरं दोन्ही वेळा तीच आली – चहा घेणार? पण मी मराठी मुलगी. 'घ्याल' आणि 'घेशील' यांत काय अंतर असतं, ते मला कुणी शिकवावं लागत नाही.

त्यानंतरच्या शनिवारी एप्रिलमधलं पहिलं ऊन पडलं होतं. दिगंतनं झाकणात चहा ओतला, माझ्याकडं न बघता पुढं सरकवला आणि म्हणाला, "साह... खाबा ने?"

ओचा आ झाला होता. मी इतकी दचकले की गरम चहा तसाच घशाखाली घातला आणि जीभ पोळून घेतली.

"काय झालं?"

"काही नाही. गरम आहे."

मला कळलंय, हे मी त्याला कळू दिलं नाही. आणि घरी जाताना, ट्रेनच्या खिडकीशी, आठवू नये ती गोष्ट मला आठवली. शैलेंद्र.

शैलेंद्र तिकडं पूर्व किनाऱ्यावरच्या पार्सिपनीचा. चांगल्या कंपनीत नोकरी, चांगले आईवडील, बाबांच्या कॉलेजमधल्या मित्राचा मुलगा. दिवाळीला आईनं त्याच्याशी लग्नाचा विषय काढला, तेव्हा मी म्हणाले होते, "बघू." त्यानंतर कुणी काही बोललं नाही, म्हणून मी समजले की तो विषय संपला. आमच्या घरातला 'बघू' म्हणजे दार आवाज न करता लावणं. असं मी समजत होते.

*

आमच्या बाबांना एकच व्यसन, बियांचं. नोकरी अणुभट्टीत इंजिनियरची, पण जीव सगळा तळघरात. मार्चपासून तिथं ट्यूबलाइटखाली कागदी कप मांडलेले असायचे. त्यात अमरावतीहून आलेली भेंडी, अंबाडी, चवळी. इथं मदर्स डेपर्यंत, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, रोपं करपवणारं दंव पडतं, तोवर रोपं बाहेर काढायची नाहीत, हा त्यांचा कायदा. प्रत्येक पाकिटावर त्यांचं टपोरं अक्षर: 'भेंडी, अमरावती, ८७.' एकदा मी लहानपणी पाकिटावर नुसतं 'बिया' लिहिलं होतं तर म्हणाले, "अगं, पाकिटात बियाच असणार. कसल्या ते लिही. नुसतं 'बिया' कुणी लिहितं का?"

आसामात एक मिरची असते, जी खाल्ली की माणूस देवाचं नाव घेतो, असं मी जेवताना सहज म्हणाले. बाबांचा घास हातातच राहिला.

"तुझ्या त्या फुकनला सांग, घरून बिया मागव म्हणावं. आणि त्याला जेवायला बोलव."

तर एप्रिलमधल्या एका रविवारी दिगंत नेपरव्हिलला आला. खिशात मिरचीच्या बियांचा लिफाफा. बाबांना 'काका' म्हणताना अडखळला. नंतर मला हळूच म्हणाला की त्याला सारखं आजोबांना हाक मारल्यासारखं वाटतंय. आईच्या हातची भाकरी त्यानं तीनदा मागून घेतली. बाबा त्याला तळघरात घेऊन गेले आणि अर्धा तास वर आलेच नाहीत. स्वयंपाकघरात मी भांडी पुसत उगाच गुणगुणत होते, आणि आई माझ्याकडं बघत होती.

"मुलगा चांगला आहे," आई म्हणाली.

"हं."

"आसाम फार लांब गं पण."

"आई, आपण इलिनॉयमध्ये उभ्या आहोत."

तेवढ्यात फोन वाजला. बाबा तळघरातून वर आले आणि जिन्याशीच उभे राहून बोलू लागले. लाँग डिस्टन्स म्हणजे ओरडायचंच, अशी त्यांची पक्की समजूत. भांड्यांच्या आवाजात मला तुकडेच ऐकू आले. "हो हो, बिया तयार!... मदर्स डे झाला की... शैलेंद्र आला की सुलेखाच्याच हातून... पक्कं, अगदी पक्कं!" पार्सिपनीच्या काकूंना, म्हणजे शैलेंद्रच्या आईलाही बागेचं वेड; त्यांना बिया हव्या असतील एवढंच मी धरलं, शैलेंद्र इकडं कशाला येतोय हे माझ्या मनातही आलं नाही. मी गुणगुणतच राहिले.

दिगंत जिन्यातून वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. चारची ट्रेन गाठायची आहे म्हणाला. स्टेशनवर सोडलं तेव्हा गाडीतून उतरताना त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "अभिनंदन."

कशाबद्दल, ते मला समजलं नाही. माहितीपत्रकांची दुरुस्ती संपली म्हणून असेल, असं वाटलं.

पुढच्या शनिवारी पाचवा सिनेमा होता. त्यानं थर्मास उघडला, झाकण भरलं, नीट माझ्यासमोर ठेवलं. "साह खाबो ने?"

आ गेला होता. सभ्य, वाकलेला, परक्या बाईला विचारावा तसा ओ परत आला होता. कुणीतरी तोंडात मारावी तसं झालं मला. सगळा सिनेमा माझ्या डोळ्यांसमोरून नुसता वाहून गेला. त्यानं एकही वाक्य समजावून सांगितलं नाही.

दिवे लागल्यावर मी विचारलं, "मी काय केलंय?"

"काहीच नाही. मी जूनमध्ये परत जातोय. तिकडं तेलाच्या कंपनीत नोकरी मिळतेय." मग चाचरत म्हणाला, "इथंही एक ऑफर होती... पण आता नको. तुझं लग्न आहे ना, मदर्स डेनंतर."

"माझं लग्न?"

"तुझे बाबा फोनवर म्हणाले. बिया. शैलेंद्र. सुलेखा. बिया पक्कं."

आणि मग मला असं हसू फुटलं की मोजे वाळत घालणारी म्हातारी वळून बघायला लागली. "अरे वेड्या... बिया! भेंडीच्या बिया! पहिल्या दिवशी तूच तर मला..."

त्याचे कान लालबुंद झाले. "शिकलेला शब्द डोक्यात बसतो," तो पुटपुटला. "कानात मात्र आधी घरचाच शिरतो." मग थोडं थांबून, "पण शैलेंद्र कोण?"

"कुणी नाही. तो एक... दिवाळीत मी 'बघू' म्हणाले होते."

"बघू म्हणजे हो?"

"बघू म्हणजे नाही."

"मग तुम्ही 'नाही' का नाही म्हणत?"

माझी ट्रेन निघायची वेळ झाली होती. पण मी हसतच होते, ट्रेनभर हसत होते. घरी पोचले तर आईबाबा स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसले होते. मी पर्स टाकली आणि म्हणाले, "बाबा, गंमत ऐका. आसामीत बिया म्हणजे लग्न. फुकनला तुमच्या फोनवरून वाटलं, माझं लग्न ठरलं!"

कुणी हसलं नाही. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पंधरा मेला येतायत ते," बाबा म्हणाले. "साखरपुड्याला. तुला मदर्स डेला सांगणार होतो. सरप्राइज म्हणून."

मी तिथंच खुर्चीवर बसले. त्या माणसानं शब्द चुकीचा ऐकला होता आणि बातमी खरी ऐकली होती. माझं लग्न ठरलंय, हे मला माझ्या घरात नाही, चुकलेल्या कानांतून कळलं होतं.

"मी कधी हो म्हणाले?"

"बघू म्हणाली होतीस की."

"बाबा, बघू म्हणजे नाही!"

"आपल्या घरात बघू म्हणजे होच असतं," बाबा जरा दुखावून म्हणाले. "तुझ्या आईनंसुद्धा मला बघूच म्हटलं होतं. विचार तिला."

आईनं शेंग ताटात ठेवली. "म्हटलं होतं," ती शांतपणे म्हणाली. "मला तेव्हा खरंच बघायचं होतं. कुणी बघू दिलं नाही."

मी आईकडं बघत राहिले. बाबा तर असे बघत होते, जणू सव्वीस वर्षांत ही बाई त्यांना पहिल्यांदाच दिसतेय. आईनं मग त्यांच्या हातावर हात ठेवला. "झालं ते वाईट झालं नाही हो. पण हिला बघू दे."

आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द तोंडात घेत होते, आणि तो किती छोटा आहे याचंच मला नवल वाटलं.

"नाही," मी म्हणाले. "शैलेंद्र नको."

बाबांनी एक शेंग सोलली आणि म्हणाले, "तो फुकन?"

"त्यानं काही विचारलेलं नाही."

"मग कशाच्या जोरावर नाही म्हणतेस?"

"कशाच्याच नाही. नुसतं नाही."

बाबा उठले आणि तळघरात गेले. पुढचे तेरा दिवस ते माझ्याशी मीठ-तेलापुरतंच बोलले. खाली कपांना पाणी घालताना मात्र मोठमोठ्यानं काहीतरी म्हणत असायचे. बहुतेक भेंडीची समजूत घालत असावेत.

*

सात मे, शेवटचा शनिवार, 'लग्नघरातला उजेड'चा. डबे आदल्याच दिवशी आले होते. सकाळी निघाले तर बाबा गाडीची किल्ली घेऊन दारात उभे. त्यांनी मला स्टेशनवर सोडलं. मी उतरायला लागले तेव्हा समोर बघतच म्हणाले, "काल पार्सिपनीला फोन केला. बोलले ते दोन-चार शब्द. बोलणारच. माझीच चूक होती." मग खिशातून एक पाकीट काढलं. "हे फुकनला दे. त्यानं मिरची दिली, आपण काही द्यायला नको?"

"कसल्या आहेत?"

"लिहिलंय की वर," बाबा म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

मी प्लॅटफॉर्मवर पाकीट उलटं केलं. वर भेंडी नव्हती, अमरावती नव्हती, साल नव्हतं. टपोऱ्या अक्षरांत एकच शब्द होता. माझी गाडी समोर येऊन थांबली, दारं उघडली, मिटली, ती निघून गेली, आणि मी तशीच उभी होते.

पुढच्या गाडीनं पोचले तेव्हा सिनेमा सुरू झाला होता. अंधारात चाचपडत शेवटच्या रांगेत गेले. दिगंतच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर त्यानं थर्मास ठेवला होता. तो त्यानं मांडीवर घेतला.

पडद्यावर अंगण, केळीचे खांब, धावपळ. मग एक लांबलचक पडवी, कंदिलांचा पिवळा उजेड आणि खाली बसून गाणाऱ्या बायका. कॅमेरा सावकाश सरकत होता. डाव्या कोपऱ्यात एक बारीकशी बाई आली. बाकीच्या नवरीकडं बघत होत्या. ही मात्र कॅमेऱ्याकडंच बघत होती, कुणीतरी तिला तिकडं बघू नको म्हणून बजावलं असणार, तरी. गाताना तिची हनुवटी दिगंतसारखीच किंचित डावीकडं कलत होती.

"आई," दिगंत म्हणाला.

त्याच्या भाषेत म्हणाला की माझ्या, ते कुणी सांगावं? माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मी अंधारात त्याचा हात शोधला. तो गार होता, आणि त्यानं माझा हात असा धरला की वीस सेकंद संपली, बायका गेल्या, नवरी गेली, तरी सुटला नाही.

दिवे लागले. लोक निघून गेले. टेबलावर उरलेली पाच-सहा माहितीपत्रकं पडली होती. दिगंतनं सवयीनं झाकणात चहा ओतला, उचलला आणि म्हणाला, "साह..."

पुढचं क्रियापद काही येईना.

"खाबो की खाबा?" मी विचारलं.

तो हबकला. "तुला... तुला ते कधीपासून कळतं?"

"तिसऱ्या सिनेमापासून."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तू तरी कुठं बोललास? एवढा एक आ काढलास, आणि तोही परत नेलास."

त्याच्या चेहऱ्यावर इतकी तारांबळ उडाली की मला त्याची दया आली. मी पर्समधून पाकीट काढून त्याच्यासमोर ठेवलं. "बाबांनी दिलंय. शैलेंद्र येणार नाहीये. मी नाही म्हणाले. सरळ शब्दांत."

त्यानं एका हातानं पाकीट उचललं. देवनागरी त्याला वाचता येत होती. त्यानं एकदा वाचलं, मग पुन्हा, अक्षर अक्षर लावून, जणू दोनच अक्षरांत कुठंतरी छापायची चूक असेल.

"बिया," तो म्हणाला. "तुझ्या बाबांना माहीत आहे? आमच्याकडं याचा..."

"मीच सांगितलंय त्यांना. आणि ते पाकिटावर नुसतं 'बिया' कधीच लिहीत नाहीत."

बाहेर कुणीतरी दारं लावत होतं. दिगंत पाकिटाकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं.

"सुलेखा," तो अगदी हळू म्हणाला, "मी हे... कुठल्या भाषेत वाचू?"

जन्मभराची सवय जिभेच्या टोकावर आली होती. ब पर्यंत आली होती. मी ती गिळली.

"तुझ्या," मी म्हणाले.

त्याच्या हातातलं झाकण कलंडलं. टेबलावरच्या माहितीपत्रकांवर लाल चहा पसरत गेला, आणि वर दोरी बांधलेला तो बिचारा पोहरा पहिल्यांदाच काठोकाठ भरला.